चार लायनर आणि एक चिमूट अक्षता

लढाई संपून हे घरी आले तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून माझ्यासाठी एक सुरमादाणी निघाली आणि बाकी सगळे पाने, पकडी आणि एक फूटभर लांबीची पोलादी पट्टी. पट्टी मऊ फडक्यात गुंडाळून आणली होती, सुरमादाणी नुसतीच. त्यावरून मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. आता ते नाहीत, तरी ते नाव माझ्या हातून लिहिलं जात नाही, म्हणून इथंही ते ‘हे’च राहतील.

माझं माहेर साताऱ्याचं. लग्न होऊन सांगलीला आले आणि आठव्या महिन्यात हे पलटणीत भरती झाले. सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, सांगलीत लोहारकामाचं दुकान होतं. पुढं भाता आणि ऐरण, मागं राहायच्या दोन खोल्या आणि मध्ये पत्र्याची पडवी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. त्यामुळे चार वर्षं घरात मामंजी आणि मी, दोघंच. वर्षातून एकदा साताऱ्याला जायचं, तिथं आईनं ‘पत्र आलं का?’ म्हणून विचारायचं, आणि चार दिवसांनी परत यायचं. पत्रं येत नव्हती असं नाही. त्यात इराकातल्या उन्हाचं सविस्तर वर्णन असे आणि शेवटी ‘बाकी ठीक’ एवढं लिहिलेलं असे. त्या ‘बाकी’त मी येत होते.

तिकडं यांना मोटारी दुरुस्त करायच्या तुकडीत घातलं होतं. इंजिन उघडायचं, झिजलेलं काढायचं, नवं बसवायचं, यात त्यांचा हात चांगलाच बसला. पण सांगलीत परतल्यावर समोर काय, तर नांगराचे बोथट फाळ तापवून शेवटायचे आणि गाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायच्या. हे काम करत, पण मन लागत नव्हतं. अशात त्यांच्या जुन्या सुभेदारांचं पत्र आलं. जबलपूरच्या सरकारी कारखान्यात जागा होती, दिवाळीनंतर हजर व्हावं, मात्र राहायला खोली मिळायला वर्ष-दीड वर्ष लागेल, तोवर कुटुंब गावीच ठेवावं.

हे पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं ते पायताण घालता घालता, बाहेर पडताना. आणि विचारलं, “काय करू? जाऊ?”

चार वर्षं वाट बघितलेल्या बाईला असं विचारतात का? मी म्हटलं, “तुमची मर्जी.”

ते ‘बरं’ म्हणाले आणि गेले. मी त्या दिवशी पाठोपाठ तीन भाकऱ्या करपवल्या. मामंजींनी त्या मुकाट्यानं खाल्ल्या.

त्याच महिन्यात ट्रॅक्टर आला. आला म्हणजे आणला. कृष्णाकाठच्या एका गावचे वयस्क बागायतदार होते. त्यांनी लढाईच्या आधी कुठल्याशा साहेबाकडून तो विकत घेतला होता. दोन हंगाम चालला, मग धूर ओकायला लागला, मग बंद पडला, आणि पाच वर्षं गोठ्यात कोंबड्या त्याच्यावर अंडी घालत होत्या. बैलांना सुट्टी मिळावी म्हणून घेतलेलं ते यंत्र बैलांच्या चार जोड्यांनी ओढत सांगलीला आणलं. सगळी पेठ बघायला जमली होती. लोकांनी बैलांसाठी टाळ्या वाजवल्या.

बागायतदार म्हणाले, “मिस्त्री, दिवाळीच्या आत माजं उसाचं रान नांगरून व्हाय पायजे. हुईल का?”

यांनी इंजिन उघडून पाहिलं. त्या इंजिनाच्या लोखंडी ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, चार मोठी भोकं होती. प्रत्येक भोकात एक ओतीव नळकांडं बसवलेलं असतं, त्याला लायनर म्हणतात. त्याच्या आतून दट्ट्या वरखाली होतो आणि बाहेरून इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतं. ते चारही लायनर आतून झिजले होते, बाहेरून गंजले होते. नवे मिळाले तर इंजिन नवं होईल, असं हे म्हणाले. मुंबईला लिहिलं. दोन महिने गेले आणि मिरजेवरून रेल्वेनं एक लाकडी खोकं आलं. गवतात ठेवलेले चार लायनर, मेणकागदात गुंडाळलेले, आणि सोबत त्यांच्या बुडाच्या खाचेत बसवायच्या रबरी रिंगा, मोजून आठ. दुकानदारानं चिठ्ठी घातली होती: हा शेवटचा संच, आता विलायतेहून माल येईल तेव्हाच.

त्या संध्याकाळी जेवताना हे मला म्हणाले, “असली आजारी इंजनं ह्या नदीकाठाला लय हायती. ह्ये चाललं तर काम आपल्या दारात चालत येतंय, मी हितंच ऱ्हातो. न्हाई चाललं तर जबलपूर. सुभेदारांना दसऱ्यानंतर कळवायचं हाय.”

मी म्हटलं, “तुमची मर्जी.”

का म्हटलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. माझा स्वभाव असा होता. मागून मिळालेली गोष्ट मला गोड लागत नसे. त्यांनी आपणहून म्हणावं की तुला सोडून आता जाणार नाही, एवढंच मला हवं होतं, आणि ते सगळं एका लोखंडाच्या ठोकळ्यावर सोपवून मोकळे झाले होते. त्या ठोकळ्याचा मला मत्सर वाटायला लागला आणि त्याची काळजीही.

जुने लायनर काढायलाच आठवडा गेला. गंजानं ते ब्लॉकला धरून बसले होते. उकळतं पाणी ओतायचं, खालून लाकडाचा ठोकळा लावायचा, वर मामंजींचा घण. एकेक निघाला की मामंजी दात काढल्यासारखे खूश व्हायचे. मग यांनी आतला गंज खरवडला. प्रत्येक भोकाच्या वरच्या काठाला आत एक बारीक पायरी होती, तिच्यावर लायनरची कड, म्हणजे कॉलर, टेकते. त्या पायरीला हे ‘बैठक’ म्हणत. चारही बैठका त्यांनी रॉकेलच्या फडक्यानं अशा पुसल्या की मला माझी देवाची भांडी आठवली. बैठक स्वच्छ नसली तर लायनर तिरपा बसतो, पाणी तेलात उतरतं आणि इंजिन खलास, असं ते स्वतःशीच मोठ्यानं बोलत होते. मी ताक घुसळत ऐकत होते.

पुसून झालं आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. आमच्या घरची रीत अशी की नवमीला पुजलेल्या हत्याराला दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. यांना लायनर बसवायची घाई झाली होती, पण मामंजींसमोर बोलायची सोय नव्हती. त्यांनी ब्लॉकवर धुतलेलं धोतर घातलं, कडेनं खोचलं आणि मला बजावलं, “ह्याला आता कुणी उघडायचं न्हाई. धूळ जाईल.”

पडवीत सगळं मांडलं. घण, सांडस, पाने, पोलादी पट्टी आणि एका ओळीत उभे केलेले चार लायनर. पूजा मामंजींनी केली. मी हळदकुंकू आणि अक्षता पुढं केल्या. आमच्याकडं हत्यारांच्या अक्षता तुपात हळद कालवून करतात, म्हणजे लोखंडाला चिकटतात. पूजा झाली, दोघे पुढं दुकानात गेले, आणि वाटीत चिमूटभर अक्षता उरल्या.

मी त्या ब्लॉककडं पाहिलं. सगळ्यांना हळदकुंकू मिळालं होतं आणि ज्याच्यावर माझं सगळं अवलंबून होतं तो तेवढा झाकलेला. मी धोतराचा कोपरा उचलला. चार काळी भोकं. मी हात जोडले आणि म्हटलं, “बाबा, चाल. त्यांना हितं ठेव.” ती चिमूट त्याच्यावर वाहिली आणि धोतर होतं तसं खोचून ठेवलं. कुणी पाहिलं नाही. माणसाला जे मी सांगितलं नव्हतं ते मी इंजिनाला सांगितलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच यांनी काम काढलं. लायनर रॉकेलनं धुतले, पुसले, रिंगा चढवल्या. मग मला हाक मारली, “कपड्याचा साबण किसून जरा गरम पाण्यात कालव. दाट पायजे.”

मामंजी हसले. “इंजनाला आंघोळ घालतोस व्हय रं?”

“तेल लावलं तर रबर फुगतंय, आबा. साबणानं गुमान सरकतं.”

ब्लॉकवरचं धोतर काढलं. दिसत होते ते चार-दोन तांदूळ यांनी सहज बोटानं झटकून टाकले. पूजेचं काहीतरी उडून आलं असेल असं त्यांना वाटलं असावं. बैठका त्यांनी स्वतः पुसल्या होत्या, स्वतः झाकल्या होत्या, म्हणून परत पाहिल्या नाहीत. पहिला लायनर साबण लावून भोकात सोडला, दोन्ही हातांनी सरळ दाबला, वर सपाट फळी ठेवून लाकडी हातोड्यानं हळू ठोकला. बसला. कडेनं साबणाचा जास्तीचा फेस वर आला. पोलादी पट्टी आडवी ठेवून पाहिली. लायनरची कड ब्लॉकच्या वर किंचित, कागदाएवढी, सगळीकडून सारखी. असंच हवं होतं. दुसराही तसाच बसला. मी चहा ठेवायला आत गेले.

चहा घेऊन आले तेव्हा दोघे ब्लॉकवर वाकून उभे होते. तिसरा लायनर बसला होता, पण त्याच्यावर ठेवलेली पट्टी एका बाजूनं डुगडुगत होती. यांनी पुन्हा फळी ठेवली, ठोकलं, पुन्हा पट्टी ठेवली. तसंच.

मामंजी म्हणाले, “वरचं झाकण, त्ये हेड, आवळ की. आवळल्यावर बसंल आपोआप.”

“कॉलर तुटंल, आबा. बीड हाय ते, लवत न्हाई.”

“मग काढून बघ.”

“काढताना रिंग फाटली तर दुसरी कुटनं आणू? मोजून आठ आल्यात.” मग कडेवरून बोट फिरवून ते म्हणाले, “मुंबईवाल्यानंच जाड कॉलरीचा पाठवलाय. वरनं कानस मारून सारखी करतो.”

त्यांनी कानस हातात घेतली. तोंड उतरलं होतं. दसरा झाला होता, आता सुभेदारांना कळवायचं होतं, आणि एकदा कानस मारली की ती कड परत येणार नव्हती, हे मलासुद्धा कळत होतं.

तेवढ्यात मामंजींनी बोट दाखवलं. “ह्ये काय रं? रगात?”

तिसऱ्या लायनरच्या एका बाजूला, कडेतून वर आलेला फेस पांढरा नव्हता. लाल होता. बाकी सगळीकडं पांढरा आणि तिथं तेवढा बोटभर लाल. मामंजींनी कपाळाला हात लावला आणि अपशकुन असं काहीतरी पुटपुटले. यांनी आपली बोटं पाहिली, कुठं कापलंय का म्हणून. कुठंच कापलं नव्हतं.

मला मात्र एका नजरेत कळलं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. लग्नाच्या घरचे कपडे धुताना धुण्याचा दगड लाल होतो. त्या लायनरखाली माझी हळद होती. तुपानं बैठकीच्या कोपऱ्यात चिकटलेली माझी अक्षता.

मी कपबश्या घेऊन तशीच उभी राहिले. सांगितलं तर धोतर का उचललं, हे सांगावं लागणार होतं. ते सांगितलं की काय मागितलं, हेही. इतके दिवस ‘तुमची मर्जी’ म्हणून ताठ मानेनं हिंडले होते, त्याचं काय? आज लिहितानाही लाज वाटते, पण मी थांबले. चहावर साय धरेपर्यंत थांबले. यांनी कानस कडेवर टेकवली.

“आवं, थांबा! कानस खाली ठेवा आदी.”

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “मुंबईवाल्याचं काय चुकलं न्हाई. त्याच्याखाली माजी अक्षता हाय. हळदीला साबण लागलाय, म्हणून लाल दिसतंय.”

“धोतर घातलं हुतं की वर.”

“म्या उचललं.”

“कशापायी?” त्यांचा आवाज चढला होता. “बजावलं हुतं ना तुला?”

मामंजी शेजारीच होते. तरी मी म्हटलं, कारण आता मागं फिरायला जागाच नव्हती. “तुमी जबलपूरला जाऊ नये म्हणून.”

मामंजींना एकदम आठवलं की भात्याजवळ काहीतरी काम राहिलंय. भाता सकाळपासून थंड होता. ते गेले.

 हे कानस खाली ठेवून म्हणाले, “मंग मला सांगायचं.”

“तुमी इचारलं कवा?”

“इचारलं की. पत्र वाचून दावलं तवा.”

“पायताण घालताना इचारत्यात व्हय?”

 त्यांचे कान लाल झाले होते, त्या फेसासारखे.

लायनर बाहेर काढायचं काम मोठं जोखमीचं होतं. मामंजींनी भाता पेटवला आणि तासाभरात एक पोलादी पट्टा, मध्ये लांब बोल्ट आणि खाली आडवा तुकडा, असा ओढणा करून दिला. तो लायनरच्या आतून बुडाला अडकवायचा आणि वरची चाकी, म्हणजे नट, पान्यानं फिरवत जायची. हे एकेक आटा फिरवत होते आणि मी साबणाचं पाणी कडेनं सोडत होते. लायनर केसाकेसानं वर आला. मोकळा झाल्यावर यांनी रिंगांवरून दोनदा बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिलं. एकीलाही खरचटलं नव्हतं. त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मलाच दम लागल्यासारखं झालं.

बैठकीच्या कोपऱ्यात तो तांदूळ होता. चपटा, पापडासारखा पातळ, लालपिवळा. यांनी बांबूच्या काडीनं तो खरवडून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मग रॉकेलचं फडकं माझ्या हातात देऊन म्हणाले, “आता बैठका तूच पूस. तुज्या नजरंला दिसतंय.”

मी तिसरी आणि चौथी, दोन्ही बैठका पुसल्या, बोट फिरवून फिरवून. अजून एक दाणा चौथ्या भोकात सापडला, तो मी गुपचूप पदराला बांधला. मग तिसरा लायनर पुन्हा उतरला, चौथाही उतरला. पट्टी आडवी ठेवली. डुगडुगली नाही. दुपारी यांनी पाण्याच्या वाटा लाकडी खुंट्या ठोकून बंद केल्या आणि वरून ब्लॉकच्या पोटात पाणी भरलं. खाली जुनी वर्तमानपत्रं पसरली. थेंब पडला तर कागदावर दिसणार. आम्ही तिघं ओळीनं बसून त्या कागदांकडं बघत होतो. मध्येच हे उठले, हातपाय धुऊन ‘आलोच’ म्हणून बाहेर जाऊन आले. ऊन पडवीतून अंगणात गेलं तरी कागद कोरडा. मी वाकून हात फिरवून पाहिला. कोरडाच. मला तिथंच बसल्या जागी रडू आलं. मामंजी म्हणाले, “रडू नगंस पोरी, कागद भिजंल.”

पण पाणी थांबलं म्हणजे इंजिन चाललं असं नव्हे. पुढचे आठ-दहा दिवस दट्टे, दट्ट्यांच्या रिंगा, हेड असं एकेक चढत गेलं आणि मी धास्तावलेलीच. यांनी जबलपूरचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. सगळं बोलून झालं होतं, असं मला वाटायचं, आणि लगेच वाटायचं की बोलून काय होतं, त्यांची अट तर इंजिनाचीच आहे.

ज्या दिवशी ट्रॅक्टर सुरू करायचा त्या दिवशी बागायतदार सकाळीच हजर. शिशीभर पेट्रोल घातलं. सुरू पेट्रोलवर करायचा आणि तापल्यावर रॉकेलवर घ्यायचा. यांनी पुढं हँडल लावून फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. एक शिंक आली आणि बंद. पाच वेळा, सहा वेळा. बागायतदार पागोटं काढून घाम पुसायला लागले. पदराची ती गाठ मी मुठीत धरून उभी होते. हे मात्र अगदी निवांत. चारही प्लग काढले, पुसले, चुलीवर गरम करून आण म्हणून मला दिले. मी आणले. ते बसवून त्यांनी पुन्हा हँडल मारलं.

आणि ते सुरू झालं. आधी काळा धूर, मग निळा, मग काही नाही, नुसता आवाज. समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले, पत्रे थरथरले, मामंजींनी टोपी काढून उडवली. बागायतदारांनी नारळ फोडला आणि पहिला तुकडा इंजिनावर ठेवायला गेले. यांनी त्यांचा हात धरला. “आतमंदी काय बी ठिवायचं न्हाई, काका. बाहीरनं नमस्कार करा.”

ट्रॅक्टर चालवत हे त्याच दिवशी बागायतदारांच्या गावी गेले आणि मामंजी आणि मी बैलगाडीनं मागोमाग. उसाच्या रानात त्यांनी दोन तास नांगर चालवून दाखवला. काळी जमीन उलटत होती आणि बगळे मागून चालत होते. माझ्या अंगातला सगळा ताण उतरला, इतका की मला झोप यायला लागली.

परत येताना हे गाडीत माझ्याशेजारी बसले, हात काळेकुट्ट. मी म्हटलं, “आता सुभेदारांना कळवून टाका. दसऱ्यानंतर कळवायचं हुतं न्हवं? उशीर झाला.”

“कळवलं की.”

“कवा?”

“अक्षता निघाली त्या दिशी. पाणी भरून बसलो हुतो, तवा जाऊन कार्ड टाकून आलो. येत न्हाई म्हणून.”

“इंजन चालायच्या आदी?” मी एकदम ताठ बसले. “कागद कोरडा ऱ्हातो का भिजतो ते कळायच्या आदी?”

“व्हय.”

“मग हे धा दिवस मी जीव मुठीत धरून हिंडतीय त्ये! मला का न्हाई सांगितलं?”

त्यांनी बाहेर रानाकडं बघितलं आणि सावकाश म्हणाले, “तू इचारलंस कवा?”

मामंजी पुढं बसून बैल हाकत होते. ते वळले नाहीत, पण त्यांचे खांदे हलत होते.